एका घरातील अनेक कुत्री आणि जेवणाची वेळ: भांडण होऊ न देण्याची व्यवस्था

गोव्यातील अनेक घरांत कुत्र्यांचा परिवार ठरवून जमवलेला नसतो. अंगणात वाढलेली एक गावठी मादी असते, तिच्या शेवटच्या वेतातले कोणीच न नेलेले एक पिल्लू असते, आणि पणजी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये सांभाळणे जमेना म्हणून धाकट्या मुलाने गावच्या घरी आणून सोडलेला एखादा लॅब्राडोर असतो. ही तिघे दिवसभर बल्कावात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपतात, पावसात एकाच गोणपाटावर बसतात, आणि भाताचे पातेले बाहेर येताच त्यांच्यातील एकाची मान ताठ होते. कधी नुसत्या गुरगुरण्यावर भागते, कधी कान फाटतो. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी आणि शेजारीपाजारी बहुधा एकच सल्ला देतात: त्यांच्यात मोठा कोण ते त्यांना एकदाचे ठरवू द्या, मध्ये पडू नका.

हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्नावरून झालेल्या भांडणाने काहीही कायमचे ठरत नाही. जिंकलेला कुत्रा दात दाखवल्याचा उपयोग होतो हे शिकतो, आणि हरलेला कुत्रा पुढच्या वेळी अधिक घाबरून, अधिक घाईने आणि बरेचदा अधिक लवकर चावतो. अन्नावरची कुरबुर हा मुख्यतः अंतराचा आणि अन्नाच्या आकर्षणाचा प्रश्न आहे. तो सोडवण्याची जबाबदारी कुत्र्यांवर न टाकता घरातील माणसांनी घेतली, तर बहुसंख्य घरांत तो दार, फाटक आणि शिस्तीच्या वेळा यांवरच आटोक्यात येतो.

वर्चस्वाविषयी थोडेसे

प्राण्यांच्या कळपात उतरंड असते ही कल्पना अभ्यासाच्या कक्षेत आली ती कोंबड्यांमुळे. नॉर्वेचे थोर्लिफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांमधील टोचण्याचा क्रम मांडला. पुढे 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि कळपात सतत झगडून वरचे स्थान मिळवणाऱ्या ‘अल्फा’ लांडग्याचे चित्र रूढ झाले. हे लांडगे बंदिस्त जागेत कोंडलेले होते, हे मात्र लोक विसरले. मोकळ्या रानातील लांडग्यांचा दीर्घ अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप हा बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंबच असते, आणि त्यात आईबापांना वरचे स्थान झगडून मिळवावे लागत नाही. विशेष म्हणजे 1970 साली आपल्या लेखनातून ‘अल्फा’ची कल्पना लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत मेक स्वतःही होते.

कुत्र्यांच्या बाबतीत वर्चस्व हा शब्द पूर्णपणे निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. दोन ठराविक प्राण्यांमध्ये, एखाद्या ठराविक वस्तूवर आधी हक्क कोणाचा, याविषयी तयार झालेला संबंध म्हणजे वर्चस्व, इतक्या मर्यादित अर्थाने तो उपयोगी आहे. तो कुत्र्याचा स्वभाव नव्हे. म्हणूनच भाताच्या भांड्यासाठी मागे सरणारी म्हातारी मादी आपल्या झोपण्याच्या जागेवरून कोणालाही उठवू शकते, आणि घरात सर्वांना दबकून असणारा नर मासळीच्या डोक्यासाठी मात्र जीव तोडून भांडतो. भुकेचा जोर, त्या वस्तूची गोडी, दोघांमधील अंतर आणि आधीचा अनुभव यांवर कोण माघार घेईल ते ठरते, आणि त्यातली एक गोष्ट बदलली की निकालही बदलतो.

याच गैरसमजातून मालकाने कुत्र्यापुढे स्वतः आधी दोन घास खावेत, त्याच्या भांड्यात हात घालून ‘अन्न माझे आहे’ हे दाखवून द्यावे, गुरगुरला तर त्याला पाठीवर पाडून दाबून धरावे, असे उपाय निघाले. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतील संघटनेने 2008 मध्ये अशा वर्चस्वाधारित वागणुकीविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली, कारण त्यातून भीती आणि आक्रमकता दोन्ही वाढू शकतात. खातेवेळी भांड्यात येणारा हात हा कुत्र्याच्या दृष्टीने चोराचाच हात असतो, आणि तो रोज आला तर अन्न राखण्याची गरज त्याला रोज पटत जाते.

आपल्याकडच्या कुत्र्यांविषयीची एक माहिती येथे विशेष उपयोगी आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास केला आहे, आणि त्यात असे दिसले की पिल्ले मोठी होऊ लागतात तशी आई त्यांच्यासाठी अन्न सोडण्यास नाखूश होत जाते, आणि अन्न जितके चांगले तितकी ही ओढाताण वाढते. ‘ती त्याची आईच आहे, ती काय करणार’ या भरवशावर मायलेकरांना एकाच परातीत जेवू घालणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. पिल्लाच्या आगाऊपणाकडे मोठी कुत्री काही महिने कानाडोळा करतात. त्यानंतर ती सवलत संपते. शिवाय कुत्रे शरीराने वर्षभरात वाढलेले दिसले, तरी वागण्यातील प्रौढपणा साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो, आणि तोवर निमूट जेवणारी जोडी नेमकी याच काळात भांडू लागते. दोन माद्या किंवा दोन नर असतील तर अधिक जपावे, कारण एका घरातील गंभीर भांडणे एकाच लिंगाच्या जोड्यांत जास्त आढळतात.

गुरगुरण्याच्या आधी काय दिसते

भांडण अचानक झाले असे लोक सांगतात तेव्हा बहुधा आधीच्या खुणा त्यांच्या नजरेतून सुटलेल्या असतात. पहिली खूण म्हणजे खाण्याचा वेग वाढतो. दुसरा कुत्रा जवळून गेला की खाणारा घास न चावता गिळू लागतो. त्यानंतर त्याचे शरीर एकाएकी स्थिर होते, तोंड भांड्यातच राहते, खाणे थांबते, आणि डोके न वळवता तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो, त्यामुळे डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. काही कुत्री भांड्यावर मान आडवी धरतात किंवा खांद्याने भांडे झाकून घेतात. मग ओठ वर उचलला जातो, गुरगुर ऐकू येते, हवेत दात वाजवले जातात, आणि यातील कशाचाही उपयोग झाला नाही तर चावा बसतो.

दुसऱ्या कुत्र्याकडेही तितकेच पाहावे. तो दुरूनच तोंड फिरवतो का, ओठ चाटतो का, जमीन हुंगण्याचे नाटक करतो का, की ताठ पायांनी सरळ चालत येतो? समोरच्याने दिलेला इशारा समजून मागे सरणारी जोडी आणि इशारा न जुमानणारी जोडी यांत मोठा फरक आहे. पहिल्या जोडीला फक्त अंतर पुरते. दुसऱ्या जोडीला बंद दार लागते. याहून शांत दिसणारा, पण माझ्या मते अधिक दुर्लक्षित प्रकार म्हणजे घाबरलेल्या कुत्र्याचा: तो भांडत नाही, तो नुसता कोपऱ्यात उभा राहतो, दुसऱ्याचे संपेपर्यंत जेवत नाही आणि आठवड्यांनंतर त्याच्या बरगड्या दिसू लागतात. अशा घरात भांडण कधीच झालेले नसते, म्हणून तेथे काही बिघडले आहे असे कोणाला वाटतच नाही.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला ओरडू नये, मारू तर नयेच. गुरगुर ही सूचना आहे. ती शिक्षेने बंद पाडली तर राग जात नाही, फक्त सूचना जाते, आणि मग तो कुत्रा खरोखरच न सांगता चावतो. गुरगुर ऐकली की दुसऱ्याला शांतपणे दूर बोलवावे आणि उद्यापासून अंतर वाढवावे, इतकाच तिचा अर्थ घ्यावा.

जेवणाच्या जागा आणि वेळा

व्यवस्थेचा पाया एकच आहे: प्रत्येक कुत्र्याला असे ठिकाण मिळाले पाहिजे, जेथे जेवताना मागे वळून पाहण्याची गरज त्याला भासणार नाही. जुन्या घरांत ही सोय आपोआप असते. एकाला बल्कावात, दुसऱ्याला माजघराच्या दाराआड, तिसऱ्याला परसाकडच्या पडवीत वाढता येते. फ्लॅटमध्ये एक शयनगृहात, दुसरा स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, असे करावे लागते. दारे नसतील तेथे लहान मुलांसाठी दारात अडकवण्याचे जाळीचे फाटक लावावे, मात्र तीव्र भांडणाऱ्या जोडीच्या बाबतीत जाळीवर चादर टाकून नजर तोडावी. एकाच खोलीत दोन टोकांना भांडी ठेवणे हा उपाय फक्त त्या जोडीसाठी आहे, जिच्यात आजवर साधी गुरगुरही झालेली नाही, आणि तेथेसुद्धा माणसाने शेवटपर्यंत उभे राहावे. माणूस मध्ये उभा राहून जे साधते ते बंद दाराने अधिक चांगले साधते, कारण दार फोन आला म्हणून आत जात नाही.

दिवसातून दोन ठराविक वेळा ठेवाव्यात. भांडे दिवसभर भरून ठेवण्याची पद्धत अनेक कुत्री असलेल्या घरात पूर्णपणे बंद करावी, कारण भरलेले भांडे म्हणजे दिवसभर राखण करण्याची जागा. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, सकाळी लवकर आणि सूर्य उतरल्यावर जेवण द्यावे. दुपारच्या उकाड्यात कुत्री अर्धवट खाऊन भांडे सोडतात, आणि सोडलेले भांडे हेच कलहाचे मूळ ठरते.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. अन्न वाढण्यापूर्वीच प्रत्येक कुत्रे आपापल्या जागी बंद झालेले असावे. भरलेली भांडी हातात घेऊन तिघांच्या घोळक्यातून चालत जाणे ही भांडणाची सर्वांत सोपी तयारी आहे. भांडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, त्यांच्या नजरेआड भरावीत. आधी कोणाला द्यावे, यावर लोक फार डोके शिणवतात: जुने सल्ले वरचढ कुत्र्याला आधी द्या म्हणत, तर घरातले लोक दुबळ्याची कीव येऊन त्याला आधी देतात. मधे दार असेल तर या क्रमाला फारसे महत्त्व उरत नाही. सर्वांत दूरच्या जागेपासून सुरुवात करून परत येत वाढावे, आणि रोज तोच क्रम ठेवावा, म्हणजे आपली पाळी केव्हा येते हे प्रत्येकाला कळते आणि वाट पाहण्यातली धुसफुस कमी होते.

पंधरा-वीस मिनिटांनी भांडी उचलावीत, उरले असेल तरी उचलावीत, जमीन पुसावी आणि मगच दारे उघडावीत. हा टप्पा सर्वाधिक चुकवला जातो. दार उघडताच कुत्री एकमेकांच्या जेवणाच्या जागा हुंगायला धावतात, आणि तेथे सांडलेली दोन शिते किंवा चाटण्याजोगी कढी असली तरी भांडण पेटू शकते. शक्य असल्यास सर्वांना थेट अंगणात सोडावे, त्या जागांवरून जाऊ देऊ नये.

वेगळे जेवू घालण्याचा आणखी एक फायदा असा की कोणी किती खाल्ले ते नेमके कळते. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागात नेहमीचा आहे, आणि त्याचे पहिले लक्षण बहुधा अन्न सोडणे हेच असते. सामाईक परातीत जेवणाऱ्या तिघांपैकी एकाने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, हे परात रोज रिकामी होत असल्यामुळे कळतच नाही.

पाण्याची भांडी मात्र वेगवेगळ्या जागी कायम भरलेली असावीत, कुत्र्यांच्या संख्येपेक्षा एक जास्तच, आणि अरुंद बोळात किंवा दाराच्या तोंडाशी नकोत, कारण तेथे एक कुत्रा नुसता आडवा झोपला तरी दुसऱ्याचे पाणी बंद होते. पावसाळ्यात मुंग्या भांड्यांवर चढतात, तेव्हा जेवणाचे भांडे पाणी घातलेल्या परातीत ठेवण्याची घरगुती युक्ती येथेही चालते.

अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्यासाठी आत उंचवटे असलेली संथ खाण्याची भांडी मिळतात. ती नसतील तर अन्न मोठ्या ताटात पातळ पसरून द्यावे. हे केवळ शिस्तीसाठी नाही. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये, उदाहरणार्थ जर्मन शेफर्ड, डॉबरमन किंवा ग्रेट डेनमध्ये, भराभर खाण्याने पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो. पोट ढोलासारखे ताणले गेले, आणि कुत्रा उलटीचा प्रयत्न करूनही काही बाहेर पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्यावे.

भांड्याबाहेरचे अन्न

भांड्यांची उत्तम व्यवस्था केलेल्या घरांतही भांडणे होतात, आणि ती बहुतेक वेळा भांड्याबाहेरच्या अन्नावरून होतात. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की कुत्री फाटकाशी गोळा होतात, आणि घरातील कोणीतरी प्रेमाने एक उंडा (गोल पाव) त्यांच्या मध्ये भिरकावतो. आजी जेवता जेवता पोळीचा तुकडा टेबलाखाली सोडते. मुले बिस्किटाचा पुडा घेऊन अंगणात बसतात. कुत्र्यांच्या मधोमध टाकलेली कोणतीही खाण्याची वस्तू ही शर्यत असते, हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः पाहुण्यांना, समजावून सांगावे लागते. खाऊ द्यायचाच असेल तर प्रत्येकाला नावाने हाक मारून, हातातून, एकेकाला, पुरेशा अंतराने द्यावा. आजींना ‘देऊ नका’ म्हणून सांगितल्याचा उपयोग होत नाही. ‘आजी, हा डबा तुमचा, पण बंड्याला बाहेर आणि राणीला आत’ असे सांगितले तर बहुधा होतो.

मासळी साफ करण्याची जागा हे गोव्याच्या घरातील खास धोक्याचे ठिकाण. परसात विळीवर बांगडे-तारले साफ होत असताना सर्व कुत्री भोवती बसतात, आणि डोकी-आतडी एकाच बाजूला फेकली जातात. हे काम चालू असताना कुत्री दुसऱ्या बाजूला बंद ठेवावीत, टाकाऊ भाग झाकणाच्या बादलीत जमा करावा, आणि नंतर ती जागा धुवून घ्यावी. उकिरड्याला कुंपण नसेल तर घालावे.

अन्नाची गोडी वर्षभर सारखी नसते, याकडेही लक्ष ठेवावे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी कमी होते, पुढे अनेक घरांत श्रावण पाळला जातो, आणि कुत्र्यांच्या वाट्यालाही डाळभात किंवा दूधभात येतो. काही आठवडे घरात शांतता नांदते, लोकांना वाटते की कुत्री सुधारली. मग ज्या दिवशी पुन्हा मासळी शिजते त्या दिवशी वासानेच सगळे बदलते. अशा दिवसांपूर्वी, तसेच चतुर्थी, जत्रा किंवा नाताळसारख्या पाहुण्यांच्या गर्दीच्या दिवसांत, दारे-फाटके नेहमीपेक्षा आधीच बंद करावीत. फटाक्यांनी आधीच बिथरलेली कुत्री अन्नावरून लवकर पेटतात. जाता जाता हेही सांगणे आवश्यक आहे की सणाच्या पानातले सगळेच कुत्र्याला चालत नाही: मनुका, चॉकलेट, कांदा आणि लसूण त्यांना विषारी आहेत, आणि शिजवलेल्या हाडांच्या टोकदार चिपा आतड्यात रुतू शकतात.

चघळण्याची हाडे आणि अन्न भरून देण्याची रबरी खेळणी भांड्यापेक्षाही अधिक जपण्याच्या वस्तू आहेत, कारण त्या वीस मिनिटांत संपत नाहीत. त्या बंद दाराआडच द्याव्यात आणि दार उघडण्यापूर्वी परत घ्याव्यात. परत घेताना हिसकावू नये. अधिक आवडीचा घास दूर टाकून कुत्रा तिकडे गेल्यावर वस्तू उचलावी.

हळूहळू सवय लावणे

वेगळे जेवू घालणे आयुष्यभर चालू ठेवले तरी काही बिघडत नाही. कुत्र्यांनी शेजारी बसून जेवलेच पाहिजे असा आग्रह माणसांचा असतो, त्यांचा नाही. तरीही घर लहान असेल, किंवा चुकून समोरासमोर येण्याची शक्यता असेल, तर दुसऱ्या कुत्र्याच्या दिसण्याविषयीची भावनाच बदलण्याचा प्रयत्न करता येतो. ज्या जोडीत रक्त निघण्याइतका चावा झालेला आहे तिच्यावर हा प्रयोग जाणकाराशिवाय करू नये.

यासाठी दोन माणसे, दोन पट्टे आणि मध्ये एक जाळीचे फाटक हवे. राखण करणारा कुत्रा फाटकाच्या एका बाजूला, दूर, साधे अन्न खात असतो. दुसरे माणूस दुसऱ्या कुत्र्याला पट्ट्याने धरून इतक्या अंतरावर आणते, जेथे पहिला त्याला पाहतो पण खाणे थांबवत नाही. दुसरा दिसताच पहिल्यासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा पडतो, आणखी एक पडतो, आणि दुसरा नजरेआड होताच चिकन बंद होते. काही दिवसांत दुसरा दिसल्यावर पहिला भांडे न झाकता माणसाकडे आशेने पाहू लागतो. हेच हवे असते. त्यानंतरच अंतर एका पावलाने कमी करावे. शरीर स्थिर झाले, वेग वाढला किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर अंतर कमी झाले आहे असे समजून मागे जावे. घाई करणाऱ्यांना यात यश येत नाही, आणि मासळी शिजली असेल त्या दिवशी सरावाला सुट्टी द्यावी.

याच्या जोडीला प्रत्येक कुत्र्याला आपल्या गोणपाटावर किंवा चटईवर जाऊन थांबण्यास स्वतंत्रपणे शिकवावे. चटईवर चारही पाय असतानाच खाऊ मिळतो, हे एकेकट्याला पक्के झाले की मग दोघांना लांब लांब चटयांवर बसवता येते. स्वयंपाकघरात कढई उतरवताना ‘जागेवर’ एवढा शब्द पुरतो, आणि आरडाओरडा वाचतो.

भांडण पेटल्यास

पट्ट्याला किंवा मानेला धरून कुत्र्यांना ओढू नये. अशा भांडणांत माणसांना चावे बरेचदा याच क्षणी बसतात. पातेल्यावर झारा आपटून मोठा आवाज करावा, बादलीभर पाणी ओतावे, जाड घोंगडी अंगावर टाकावी किंवा फळी, खुर्ची, सुपासारखी वस्तू दोघांच्या मध्ये सरकवावी. दोन माणसे असतील आणि दुसरा उपाय उरला नसेल, तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांडीच्या वरच्या भागात धरून, उचलून, मागे सरत त्यांना वेगळे करावे आणि लगेच दाराआड न्यावे. मुलांना आधीच सांगून ठेवावे की भांडण दिसले तर जवळ न जाता मोठ्यांना हाक मारायची.

वेगळे केल्यावर ‘आता गळाभेट घ्या’ म्हणून त्यांना पुन्हा समोर आणू नये. त्या दिवसापुरते तरी त्यांना वेगळे ठेवावे. केस बाजूला करून अंग नीट तपासावे, कारण सुळ्याने पडलेले भोक वरून बारीक दिसते, आत मात्र पू होतो. पावसाळ्यात माश्या अशा जखमेवर अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून जखम कितीही लहान दिसली तरी पशुवैद्याला दाखवणे बरे. माणसाला चावा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रेबीजविरुद्ध गोव्यात लसीकरणाची मोठी मोहीम चालवली गेली आहे, पण त्यामुळे आपल्या कुत्र्याची वार्षिक लस चुकवण्याची किंवा ‘घरचाच तर आहे’ म्हणून चावा दुर्लक्षिण्याची मुभा मिळत नाही.

पशुवैद्याकडे कधी जावे

आजवर शांतपणे जेवणारा कुत्रा अचानक अन्नावरून भांडू लागला, तर शिस्तीचा विचार नंतर करावा, आधी तपासणी करावी. दुखणारे दात, कंबरेचा किंवा सांध्यांचा त्रास, कमी होत चाललेली दृष्टी आणि श्रवणशक्ती यांमुळे म्हातारा कुत्रा दुसरा जवळ येताच दचकून चावतो. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि फिट्सवर दिले जाणारे फेनोबार्बिटोन यांनी भूक विलक्षण वाढते. मधुमेह आणि आतड्यातील जंतांनीही ती वाढू शकते. औषध चालू असेल तर तसे पशुवैद्याला सांगावे, पण ते मनाने बंद करू नये. नसबंदीने अन्न राखण्याची सवय आपोआप जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. नसबंदीची कारणे वेगळी आणि पुरेशी आहेत.

नवे कुत्रे घरात येणार असेल तर पहिल्या दिवसापासून वेगळे जेवण हाच नियम ठेवावा, आणि आधीच्या कुत्र्याची जागा व वेळ बदलू नये. पाहुणा म्हणून अंगणात येणाऱ्या भटक्या कुत्र्याला घरच्यांच्या नजरेसमोर जेवू घालू नये. त्याचे भांडे फाटकाबाहेर, ठराविक वेळी ठेवून संपताच उचलावे.

इतके करूनही एखाद्या जोडीत वारंवार रक्त निघत असेल, भांडणे अन्नाच्या पलीकडे दारात, अंथरुणावर आणि माणसांच्या जवळ येण्यावरूनही होऊ लागली असतील, किंवा घरात रांगते मूल असेल, तर वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. ज्यातून कुत्र्याला पाणी पिता येते, तोंड उघडून धापा टाकता येतात अशा जाळीच्या मुसक्याची सवय त्याला खाऊ देत देत आधीच लावून ठेवावी. काही जोड्यांसाठी घराचे दोन भाग करून त्यांना पाळीपाळीने मोकळे सोडणे हीच कायमची व्यवस्था ठरते, आणि तेही शक्य नसेल तर दोघांपैकी एकासाठी, जेथे दुसरे कुत्रे नाही असे, ओळखीतले घर पाहावे. तेथे देताना त्याच्या खाण्याच्या सवयींविषयी काहीही लपवू नये.